कुचेराबाईंच्या पाचशे पाट्या

आर्डिथ कुचेराबाईंना हसताना पाहिलेले जीव आमच्या ड्राय फोर्कमध्ये थोडेच, आणि त्यातही माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. एकतीस वर्षं बाईंनी इथल्या हायस्कुलात शेतकीचा वर्ग चालवला. वेल्डिंग, मातीची तपासणी, मेंढ्यांची बाळंतपणं, ट्रॅक्टरचं इंजिन उघडणं आणि, हे सगळ्यात अवघड, ते पुन्हा बंद करणं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, वडलांचं शेत कधीच विकलं गेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागं दोन खोल्यांत त्या राहायच्या. पण तुम्ही त्यांना भेटायला गेलात तर त्या तिथं नसायच्याच. शाळेमागच्या वर्कशॉपमध्ये असायच्या, नाहीतर त्याला लागून असलेल्या मेंढ्यांच्या गोठ्यात, कोपरापर्यंत बाह्या सारून.

गेल्या वर्षी शाळेच्या बोर्डानं ठरवलं की पुढच्या जूनपासून हा वर्ग बंद. अध्यक्ष व्हर्लिन दोस्ताल तसा भला माणूस, धान्याच्या कोठारावरचा मॅनेजर. त्यानं बाईंना समजावून सांगितलं की वर्कशॉपच्या जागी व्यायामशाळा होईल. बाईंनी फक्त मेंढ्यांचं काय करणार ते विचारलं. व्हर्लिन म्हणाला, ते अजून ठरलेलं नाही.

एकच वाट होती. राज्यानं एका नव्या नंबर प्लेटला मंजुरी दिली होती. निळी पाटी, कडेला गव्हाची ओंबी, खाली ‘शेतकी शिक्षण’. जो कोणी ती आपल्या गाडीला लावेल त्याच्या जादा शुल्कातून छोट्या गावांतले असले वर्ग चालणार होते. मात्र पाचशे गाडीमालकांचे फॉर्म आल्याशिवाय राज्य पाटीचा साचा बनवत नाही. मुदत एक वर्ष. एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, दुपारी साडेचार. पाचशे झाले तर वर्ग ठेवू, असा शब्द बोर्डानं दिला. पाचशे होणार नाहीत याची बोर्डाला खात्री होती, म्हणून दिला.

बाकीच्या गावांनी या पाटीकडे ढुंकून पाहिलं नाही. बाई एकट्या हिंडल्या. मेंढ्यांच्या लिलावात, अग्निशमन दलाच्या पॅनकेक न्याहारीला, कोठाराबाहेर धान्याच्या रांगेत. पिकअपच्या मागच्या फळीवर फॉर्म पसरायचा, वर पाना ठेवायचा म्हणजे वाऱ्यानं उडत नाही, आणि म्हणायचं, “नंबर लिही, सही कर.” एवढंच भाषण. पुरुष सह्या करायचे. निम्म्यांना बाईंनीच शिकवलं होतं आणि उरलेले त्यांना थोडे घाबरायचे.

शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी बाईंनी पाचशे अकरा फॉर्म कोर्टहाउसातल्या वाहन नोंदणीच्या खिडकीवर ठेवले. खिडकीमागं जनेल टीडी. तीही बाईंचीच विद्यार्थिनी. तिनं गठ्ठा घेतला, तपासायला लागली, आणि हळूहळू दोन गठ्ठे पाडायला लागली.

“बाई, बसा जरा.”

“मी उभीच बरी. काय झालं?”

“हे फॉर्म पिकअपचे आहेत.”

“पिकअपचेच असणार. लोकांकडे पिकअप आहेत.”

“त्यांना शेतीची पाटी आहे, बाई.”

बाईंना ते कळायला दोन क्षण लागले. मला कोणी सांगितलं असतं तर मलाही लागले असते. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पिकअपला शेतीची वेगळी पाटी असते. तिच्यावर धान्य नेता येतं, जनावरं नेता येतात, नोंदणीही हलकी पडते. ती ज्या गाडीला आहे तिला दुसरी शोभेची पाटी लावता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. पण पायात बूट आहेत हे जसं कोणी आठवून ठेवत नाही, तसं आपल्या ट्रकला शेतीची पाटी आहे हे इथं कोणी आठवून ठेवत नाही. गाडीचा नंबर लिही म्हटलं की माणसानं पिकअपचाच लिहिला. घरात कार असते, पण ती त्याच्या लेखी ‘गाडी’ नसते, ‘तिची गाडी’ असते.

“म्हणजे शेतकी शिक्षणाची पाटी शेतकऱ्याच्या गाडीला चालत नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही.”

“हा नियम कोणी केला?”

“ज्याच्याकडे कार आहे अशा कोणीतरी.”

एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म बाद झाले. त्यांत एक स्वतः बाईंचा होता. उरले तीनशे तेवीस. पाहिजे होते आणखी एकशे सत्त्याहत्तर, आणि हातात सोमवारची दुपार धरून साडेचार दिवस.

मंगळवारी बाईंनी शाळेतून रजा घेतली. एकतीस वर्षांतली तिसरी. पहाटे मेंढ्यांना चारा टाकून निघाल्या आणि ज्यांचे फॉर्म बाद झाले त्यांची यादी घेऊन शेत शेत फिरल्या. पहिला थांबा व्हर्लिनचा, कारण त्याचाही बाद झाला होता. तो कोठाराच्या काट्यापाशी उभा होता. बाईंनी सांगितलं, तुझ्या घरच्या कारचा फॉर्म भरून दे.

“कार मार्लिसची आहे, आर्डिथ. तिची डिकीसुद्धा मी विचारल्याशिवाय उघडत नाही.”

“मग विचार.”

“तू विचार,” व्हर्लिन म्हणाला आणि काट्याकडे बघत राहिला. “मी तिच्यापुढं तुझं नाव काढत नाही. चोवीस वर्षं झाली.”

दिवसभर तेच. पुरुष म्हणाले, कार तिची, तिला विचारा. मग बाई आयुष्यात पहिल्यांदा घरांच्या मागच्या दारांशी गेल्या. बायका गोड बोलल्या. बघते म्हणाल्या. ओव्हनमध्ये पाव आहे म्हणाल्या. गाडीचे कागद कुठं ठेवलेत ते त्यांनाच ठाऊक म्हणाल्या, आणि ‘त्यांना’ म्हणताना त्या शेताकडे बोट दाखवायच्या, जिथून बाई नुकत्याच आल्या होत्या. एकीनं मात्र दार पुरतं उघडलं आणि म्हणाली, “बावीस वर्षं मी या घरात आहे. तुम्ही कधी आत आला नाहीत.”

“तुमच्या मुलाला मी शिकवलंय.”

“हो. त्याला फाटकाशी सोडायचात आणि यांच्याशी पाऊण तास गव्हाविषयी बोलायचात. मी या खिडकीतून बघायचे.”

तिनं सही केली, ते सोडा. संध्याकाळपर्यंत एकोणीस सह्या झाल्या. राहिल्या एकशे अठ्ठावन्न.

बाईंचं खरं दुखणं इथं होतं. त्या जेव्हा नोकरीला लागल्या तेव्हा शेतकी शिकवणारी बाई आसपासच्या चार तालुक्यांत नव्हती. पुरुषांनी आपल्याला माणसांत धरावं म्हणून त्या पुरुषांत उभ्या राहिल्या, पिकअपच्या फळीला टेकून, आणि तिथून कधी हलल्याच नाहीत. गावात कोणी गेलं की चर्चच्या तळघरात जेवण असतं. पुरुष लांब टेबलांवर बसतात आणि बायका स्वयंपाकघरात असतात. बाई एकतीस वर्षं टेबलावर बसल्या होत्या.

त्या जेवणाची एक रीत आहे. मयत झाली की व्हर्लिनची बायको, मार्लिस दोस्ताल, चौघींना फोन करते, त्या प्रत्येकी चौघींना, असं करत तासाभरात सगळ्या खोऱ्यात बातमी जाते आणि कोणी काय आणायचं तेही ठरतं. साखळीतली शेवटची बाई मार्लिसला उलटा फोन करून ‘पोचलं’ म्हणते. तो फोन आला की मार्लिस ॲप्रन बांधते. बर्फाच्या वादळातसुद्धा ही साखळी तुटलेली नाही. मात्र ती फक्त मयतीसाठी. एकदा कोणाचा कुत्रा हरवला म्हणून साखळी मागितली होती, तर मार्लिसनं विचारलं होतं, मेलाय का?

बुधवारी म्हाताऱ्या एमिल व्होंद्राला मूठमाती दिली. जेवणाला हॅमचे सँडविच, बटाट्याचा भाजलेला थर, गाजर घातलेली हिरवी जेली, खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव. बाई टेबलावर बसल्या, पण जेवल्या नाहीत. सगळे पांगायला लागले तसं त्या उठल्या, आपलं भरलेलं ताट घेतलं आणि स्वयंपाकघराचं झुलतं दार खांद्यानं ढकलून आत आल्या. मी तेव्हा आत ताटं पुसत होते. आत पंचवीसेक बायका. बोलणं तुटलं. नळ चालू राहिला.

मार्लिस नळापाशी होती. मागं न बघता म्हणाली, “ताट तिकडे ठेव.”

“मार्लिस, मला साखळी हवीय.”

“कोण गेलं?”

“अजून कोणी नाही.”

“मग नाही.”

बाईंनी पाट्यांचं सांगायला सुरुवात केली. मार्लिसनं नळ बंद केला. “तो फॉर्म कसला आहे हे इथं सगळ्यांना माहीत आहे, आर्डिथ. पोस्टाच्या भिंतीवर वर्षभर टांगलाय. तू वर्षभर आमच्या नवऱ्यांना विचारत हिंडलीस. आता त्यांची सही चालत नाही म्हणून तुला स्वयंपाकघराचं दार सापडलं.”

“हो,” बाई म्हणाल्या.

हे मार्लिसला अपेक्षित नसावं. तिनं हात पुसले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “ट्वायलाचं काय?”

ट्वायला म्हणजे मार्लिसची मुलगी. ती हे गाव सोडून गेली एवढंच मला ठाऊक होतं. बाईंच्या हातात ताट तसंच होतं. त्या म्हणाल्या, “ट्वायला वेल्डिंग शिकायला आली होती. पंधरा वर्षांची होती. मी तिला मेंढ्यांची नोंदवही दिली. म्हटलं, तुझं अक्षर चांगलं आहे.”

“अक्षर चांगलं नव्हतं.”

“नव्हतं.” बाईंनी ताट खाली ठेवलं. “मी वर्कशॉपमध्ये एका वेळी दोनच मुली घ्यायचे. कुठं लिहिलं नव्हतं. तेव्हाच्या बोर्डानं सांगितलं होतं, हा शिवणकामाचा वर्ग झाला तर आम्ही तुझ्या जागी पुरुष आणू. मी घाबरले. सहा वर्षं तसं केलं. नंतर थांबवलं. पण कोणाला सांगितलं नाही.”

“किती मुली?”

“अकरा.”

“नावं?”

बाईंनी नावं घेतली. एकेक, आडनावासकट, वर्षासकट, काही न चुकता, हजेरी घेतात तशी. त्यातल्या तिघींच्या आया तिथं उभ्या होत्या. सहावं नाव बॉनी रेझेकचं. बॉनी माझ्या शेजारी ताट पुसत होती, आता चाळिशीची, वृद्धाश्रमात नर्स आहे. तिनं तेच ताट पुन्हा पुसलं. मग तिसऱ्यांदा.

“ट्वायला आता समुद्राकाठी असते,” मार्लिस म्हणाली. “जहाजांच्या गोदीत. वेल्डर आहे. नाताळात फोन करते. इथं शिकली असती तर राहिली असती इथं.” ती थांबली. “नसतीही राहिली. पण ते मला कळलं तरी असतं.”

बाई मान खाली घालून उभ्या होत्या. मी त्यांना मेलेलं कोकरू पोटातून ओढून काढताना पाहिलंय, तेव्हाही त्यांचा चेहरा इतका रिता नव्हता.

“साखळी मी फिरवीन,” मार्लिस म्हणाली. “वर्गासाठी. तुझ्यासाठी नाही. ज्या दारातून माझी मुलगी परत फिरली त्या दारात तू उभी राहिलेली मला नको. वर्ग राहील, तू जाशील. लिहून दे.”

कोणीतरी म्हणालं, अगं मार्लिस. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. एमिलच्या अंत्यविधीचं पत्रक टेबलावर पडलं होतं. त्यांनी ते उलटं केलं, खिशातली वेल्डिंगची खडूपेन्सिल काढली, ती कागदावर उमटेना, मग बॉनीनं आपलं पेन दिलं. तीन ओळी लिहिल्या. सही केली. मार्लिसनं कागद वाचला आणि ॲप्रनच्या खिशात घातला.

“शुक्रवारी पाचशे झाले तर हे बोर्डाकडे जाईल. नाही झाले तर फाडून टाकीन. मग तसाही वर्ग नसेल.”

म्हणजे बाई हरल्या तर वर्ग बुडणार, आणि जिंकल्या तर त्यांना त्यात जागा नाही. हे त्यांना कळलं नसेल असं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “फोनवर काय सांगणार?”

गुरुवारी सकाळी आमच्या घरी जो निरोप आला तो असा: शेतकीचा वर्ग जातोय. शुक्रवारी साडेचारच्या आत कोर्टहाउस. स्वतःच्या गाडीचे कागद घेऊन या. जेवण नको.

तरी सवय जात नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत जनेलच्या खिडकीशेजारी भाजलेल्या बटाट्यांची तीन भांडी आणि एक केक जमला होता. बायकांची रांग जिन्यावरून खाली गेली होती. कोणी कुरकुरलं, कोणी जुन्या पाटीचा नंबर पाठ नाही म्हणून खाली गाडीपर्यंत पळालं. एका आजींनी विचारलं, ओंबीऐवजी कोंबडी मिळेल का? बाहेर नवरे आपापल्या पिकअपमध्ये बसून होते आणि एकमेकांकडे बघणं टाळत होते. मार्लिस दाराशी यादी घेऊन उभी, येईल तिच्या नावावर रेघ मारत होती. तिची पर्स खांद्याला होती आणि ती तिनं एकदाही उघडली नाही. बाई भिंतीकडेच्या बाकावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

चार वाजता रांग संपली. जनेलनं मोजलं. मग पुन्हा मोजलं.

“चारशे अठ्ठ्याऐंशी.”

जिन्यावर कोणी नव्हतं. मार्लिसच्या यादीत अजून नावं होती, पण त्या बायका लांब राहायच्या किंवा त्यांना यायचं नव्हतं. बाई उठल्या, खिडकीशी गेल्या. आयुष्यात कोणाला काही मागितलेलं नाही असा आवाज होता तो, आणि आता मागत होता.

“जनेल, ते घड्याळ.”

“घड्याळ राज्याचं आहे, बाई,” जनेल म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

चार दहा. चार चौदा. व्हर्लिन वर आला, बायकोकडे बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि खाली गेला. बाई जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभ्या होत्या. खाली उतरायचं की नाही हे ठरत नसलेल्या मेंढीसारख्या.

सव्वाचारला वृद्धाश्रमातली पाळी सुटते. चार वीसला जिन्यावर रबरी तळव्यांचा आवाज आला. बॉनी रेझेक पुढं, आणि तिच्यामागं चौदा जणी, कोणी नर्स, कोणी स्वयंपाकीण, सगळ्या कामाच्या कपड्यांत. फॉर्म आधीच भरून आणलेले. बॉनी बाईंच्या जवळून गेली. थांबली नाही, बघितलंही नाही. खिडकीवर गठ्ठा ठेवून जनेलला एवढंच म्हणाली, “अक्षर वाईट आहे. वाचून घे.”

पाचशे तीन.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जनेलनं शिक्का हातात घेतला आणि म्हणाली, “बाई, तुमचा? तुमचाही बाद गठ्ठ्यात आहे. शेतीची पाटी परत केलीत तर चालेल. अजून सहा मिनिटं आहेत.”

बाई खाली गेल्या. खिशातल्या चाकूनं मागच्या पाटीचे स्क्रू काढले. वडलांच्या काळापासून कुचेरा या नावावर चालत आलेली पाटी, चिखलानं अर्धी झाकलेली. ती त्यांनी खिडकीतून आत सरकवली.

“मग मेंढ्या कशात नेणार?” जनेलनं विचारलं. “या ट्रकमध्ये आता चालणार नाही.”

“मला न्यायच्या नाहीत,” बाई म्हणाल्या.

मार्लिसनं यादीची घडी घातली. खिशातला कागद चाचपला आणि जिना उतरून गेली. सोमवारी तो बोर्डापुढं आला. व्हर्लिननं तो दोनदा वाचला, असं म्हणतात. नाही म्हणण्याचा अधिकार त्याला होता. त्यानं तो वापरला नाही. त्याला त्याच घरी परत जायचं होतं.

ऑगस्टमध्ये नवी शिक्षिका आली, चोवीस वर्षांची, दूरच्या गावची. वर्गात एकतीस मुलं, त्यात सतरा मुली. निळ्या पाट्या डाकेनं आल्या. चर्चबाहेर रविवारी बघाल तर रांगच्या रांग निळी. मार्लिसच्या कारला मात्र जुनीच आहे. बाई आता जनावरांच्या डॉक्टरकडे पिंजरे धुतात. शाळेवरून जाताना ट्रक हळू करत नाहीत. मी खिडकीतून पाहिलंय. उलट थोडा जोरात नेतात.

ऑक्टोबरमध्ये व्हर्लिनची आई गेली. त्या सकाळी दवाखान्यामागच्या खोलीत फोन वाजला. बॉनी होती. कोण गेलं ते सांगितलं, जेवण किती वाजता ते सांगितलं, आणि म्हणाली, “मी तुम्हाला सांगायचं अशी यादी आलीय. तुमच्यापुढं कोणी नाही.”

बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी नंबर फिरवला. चोवीस वर्षांत न फिरवलेला.

“पोचलं,” त्या म्हणाल्या.

पलीकडे नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“दहाला ये,” मार्लिस म्हणाली. “मागच्या दारानं. हॅम कापायला माणूस कमी आहे.”

“सुरी आणू?”

“आण. इथल्या बोथट आहेत.”